काशीकाकीची गरम फळी

काशीकाकीबद्दल चांगलं बोलायचं तर आधी तिला मरावं लागेल, आणि ती मरायला तयार नाही. सत्तरी उलटली, गुडघे गेले, एका कानानं कमी ऐकू येतं, तरी पेणच्या आमच्या आळीत भांडणात तिच्यापुढे टिकेल असं माणूस नाही. भाजीवाली तिला बघून टोपली उचलते. शेजारची इंदुबाई तर ती ओटीवर दिसली की स्वतःच्या दाराला कडी घालते. मी पूजा, तिची पुतणसून. माझा नवरा कमळाकर हा तिच्या दिराचा मुलगा. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून आमचं दोघींचं पटलं नाही. पटवून घ्यायचा प्रयत्न तिनं केला नाही, मीही नाही. निदान खोटं हसण्यात आमचा वेळ गेला नाही.

तिची हकिगत ऐकली की लोकांना कळवळा येतो, म्हणून ती आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्ये मध्ये यायला नको. तिचं माहेर रोह्याला लागून असलेलं वरसे गाव. नवरा धरमतरच्या खाडीत बार्जवर खलाशी होता. तो तापानं गेला तेव्हा ती ऐन तरुण, पोटी मूल नाही. सासऱ्यानं तिला माहेरी परत धाडली नाही, घरच्या गणपतीच्या कारखान्यात माती मळायला बसवली. माती मळता मळता तिनं मूर्तीचे हात घडवायला घेतले, मग सोंड, आणि शेवटी सासऱ्याच्या हाताला कंप सुटला तेव्हा डोळ्यांची आखणी तिच्याकडे आली. पेणमध्ये डोळे काढणारा म्हणजे कारखान्याचा राजा. बाकी सगळं शिकवता येतं, नजर शिकवता येत नाही. तिच्या हातचा गणपती आपल्याकडे बघतो, एवढं मी मान्य करते. हे तिच्या तोंडावर कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही.

कमळाकरच्या हातात कारखाना आला आणि सगळं बदललं. शाडूच्या जागी प्लास्टर आलं, रबराचे साचे आले, रंगाला स्प्रेगन आली. डोळे काढायला त्यानं बाहेरच्या मुली लावल्या. त्या एका बैठकीत ढीगभर मूर्ती उरकायच्या आणि काकी मागे उभी राहून म्हणायची, "चकना. ह्यो पन चकना. ह्याला तर दिसतंच नाय." मुली रडून निघून जायच्या. एकदा मुंबईचं मोठं गिऱ्हाईक आलं. बाईंनी विचारलं, याला गुलाबी पितांबर मिळेल का, आमचे पडदे गुलाबी आहेत. काकीनं तिथल्या तिथे विचारलं, "तुमाला गनपती पायजे का शोकेसमदला बाव्हला?" गिऱ्हाईक गेलं ते परत आलं नाही. त्या दिवशी कमळाकरनं तिचं सामान उचललं आणि जिन्याखाली नेऊन ठेवलं. तू तुझं शाडूचं काय करायचं ते इथं कर, पुढच्या दारी यायचं नाय. ती एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच वाईट होतं. गप्प बसलेली काशीकाकी म्हणजे झाकण लावलेला कुकर.

जिन्याखालची जागा म्हणजे अंधारा कोनाडा. भिंतीला घराच्या विजेचा मेन डबा, ज्यातून सगळ्या खोल्यांना आणि कारखान्याला लाइन जाते. त्याच्यावर एक लाकडी फळी. बाकी एक पोतं आणि तिची मातीची पाटी. तिथं बसून ती दरवर्षी वितीवितीच्या मूर्ती करायची आणि एक मोठी करायची, हातभर उंचीची. ती मोठी तिच्या माहेरची.

जुन्या घरांची आमच्याकडे पद्धत आहे की गणपती विकत आणायचा नाही, पाट द्यायचा. आषाढात आपल्या घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे पोचवायचा, त्यानं त्या पाटावरच मूर्ती घडवायची आणि चतुर्थीला मूर्तीसकट पाट घरी न्यायचा. पाट मागायचा नसतो. ज्याला द्यावासा वाटतो तो देतो. वरशाचा पाट काकीचा भाऊ हैबतराव मांडीवर घेऊन रोह्याच्या गाडीनं यायचा आणि बहिणीच्या हातचा चहा पिऊन परत जायचा. भाऊ वारला. आता भाचा साईराज पाट देतो. देतो म्हणजे पेणला येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवतो, कारण त्याला कंपनीत शिफ्ट असते. माहेरून काकीला आता भाऊबीज येत नाही, लग्नकार्याचं बोलावणं येत नाही, आजारपणात कोणी विचारत नाही. येतो तो हा पाट. तो यायचा थांबला की तिचं माहेर संपलं, हे ती जाणून होती आणि आम्हीही.

श्रावण लागला आणि घरात वास यायला लागला.

आमच्याकडे श्रावणात मासळी बंद. कारखान्यात तर गणपती हाताखाली असतात, त्यामुळे वासही चालत नाही. आणि माझ्या घरात दुपारच्या वेळी भाजलेल्या सुकटीचा वास. आधी मला वाटलं इंदुबाईकडून येतोय. मी तिच्या दारात जाऊन नाक लावलं, तिकडे वास नाही. घरात आले, वास आहे. जिन्याजवळ गेले, वास जास्त. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारी जिन्याखाली चोरून बोंबील भाजतेय!

खरं सांगते, मला आनंद झाला. इतकी वर्षं ती मला शिवाशीव, सोवळं, देवाची माती शिकवत होती. तुझ्या हाताला लसणाचा वास येतो, शाडूला हात लावू नकोस म्हणाली होती. आता सापडली.

"काकी, सरावनात बोंबील भाजता? देवाच्या कारखान्यात?" मी आळीला ऐकू जाईल असं विचारलं.

"काय?" तिनं बऱ्या कानाला हात लावला.

"बोंबील! सुकट! वास मारतोय सगळ्या घरात!"

ती उठली. गुडघे धरून उठली आणि मला म्हणाली, "तुझी जीभ झडंल. सरावनातला बोंबील तुझ्या म्हायेरी खात आसतील."

माझं माहेर काढलं म्हटल्यावर मी ऐकणार होते होय? मी कोनाड्यात घुसले. पोतं उचकटलं, माती सांडली, पाटी उपडी केली. तवा नाही, स्टोव्ह नाही, बोंबलाचं शेपूटही नाही. ती माझ्या पाठीत गुद्दे घालत होती. "फळीला हात लावू नको, फळीला हात लावू नको," एवढंच ओरडत होती. त्यामुळे मी फळीलाच हात लावला.

फळी गरम होती. उन्हात ठेवलेल्या परातीसारखी गरम. वर ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोठी मूर्ती, वरशाच्या पाटावर. आणि फळीखाली डबा जेमतेम दिसत होता. डब्याच्या दोन्ही बाजूंना तिनं शाडूचा जाड लेप दिला होता. भिंतीपासून फळीपर्यंत दोन्हीकडे मातीचे कठडे, वरून निमुळते, हातानं सारवून गुळगुळीत केलेले. पुढून तेवढं झाकण न लिंपलेलं. कोणत्याही बाईला ते बघताक्षणी कळलं असतं. तिनं मेनच्या डब्याची चूल केली होती.

झाकणावर बोट ठेवलं आणि चटका बसून ओढलं. वास तिथूनच येत होता.

"हे कवापासून तापतंय?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"कवापासून?"

"गेल्या पावसाळ्याच्या आदीपासून. मस्त तापतो." ती वर तोंड करून म्हणाली. "तुमी माज्या मूर्तीला हॅलोजन देत नाय. मंग देवानं दिला."

पावसाळ्यात शाडू वाळत नाही, हे पेणमध्ये पोराबाळांनाही ठाऊक. कमळाकर त्याच्या प्लास्टरच्या मूर्तींवर रंग वाळवायला हॅलोजनचे तापणारे दिवे लावतो, मोठे पंखे लावतो. जिन्याखाली त्यातलं काही पोचत नव्हतं. म्हातारीला भिंत कोमट लागली आणि तिनं त्या उबेला कोंडून घेतलं. उष्णता बाजूनं वाया जाऊ नये, सगळी वर फळीला लागावी, म्हणून बाजू लिंपल्या. चुलीचं डोकं. कोणाला सांगितलं मात्र नाही, कारण सांगितलं तर आम्ही दुरुस्त केलं असतं.

आणि त्या जिन्याच्या वर माळा. माळ्यावर माझी किमया झोपते. बारावीचं वर्ष म्हणून तिला तिथं वेगळी जागा करून दिली होती. माझा नुसता संताप झाला. मी काकीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिनंही उधार ठेवलं नाही. इंदुबाईनं कडी काढून दार उघडलं, इतकं आमचं भांडण रंगलं.

गणपतीच्या आधीच्या दिवसांत पेणमध्ये वायरमन मिळणं म्हणजे उंबराचं फूल. सगळे मंडळांच्या रोषणाईला लागलेले. शेवटी मी रोह्याहून हरेशला बोलावलं. तो माझ्या मावसबहिणीचा दीर, तोंडानं फाटका, हातानं बरा. आला तो कुरकुरतच. गाडीत बसायला जागा नाय मिळाली, पाऊस, चिखल, तुमच्या पेणला रिक्षावाले लुटतात. मग जिन्याखाली वाकला आणि त्याची कुरकुर थांबली.

"ही चूल कुनी केली?"

"मी केली," काकी म्हणाली. "तुज्या बापाचं काय गेलं?"

"माज्या बापाचं काय नाय जात आज्जी. घर तुमचं जातंय."

त्यानं झाकणाचे स्क्रू सोडले. पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं. वायरींवरचं रबर वितळून एकमेकांना चिकटलं होतं. जिथं सगळ्या काळ्या वायरी एका पट्टीत येतात ती पट्टी कोळशासारखी झालेली. सगळ्यावर प्लास्टरची बारीक भुकटी बसून पावसाच्या ओलीनं तिची खपली धरली होती. हरेश म्हणाला, स्क्रू ढिले पडले, ढिल्या जागी वायर तापते, तापली की अजून ढिली होते. आणि बॅकेलाइटचं कडक प्लास्टिक जळायला लागलं की असाच मासळीचा वास येतो.

मी काकीकडे बघितलं नाही. ती मात्र माझ्याकडे बघत होती. बोंबलाचा आरोप खोटा ठरला होता आणि ती तो मरेपर्यंत विसरणार नव्हती.

"आनि ह्यो मोठा एमसीबी कुनी टाकला?" हरेशनं एक खटका बोटानं दाखवला. "ह्या वायरीला येवढा? वायर जळून जाईल तरी ह्यो पडनार नाय."

आता कमळाकर पुढे आला. "जुना सारखा पडायचा. हॅलोजन लावला की पडायचा. काम थांबायचं. म्हनून मीच बदलला."

"पडत व्हता तो शाना व्हता," हरेश म्हणाला. "तुमी शान्याला काढून मुका बसवलात."

हरेशचा निकाल साधा होता. डबा सगळा काढायचा, आजच्या आज. नवा लोखंडी डबा या कोंदट कोनाड्यात बसवायचा नाही, बाहेर बोळात बसवायचा, हवेशीर, उंचावर. कारखान्याची लाइन घरापासून वेगळी, जाड वायरीची. शॉक लागला तर आपोआप बंद होणारा खटका वेगळा. तोवर घरात दिवासुद्धा लावायचा नाही.

"आज नाय," काकी म्हणाली.

ती डब्यापुढे जाऊन उभी राहिली होती. पाठ डब्याकडे, दोन्ही हात फळीवर मागे टेकलेले. डबा उघडा, आत वीज चालू. हरेश दोन पावलं मागे सरला.

"आज्जी, बाजूला व्हा. मराल."

"मरू दे. मूर्ती वाळू दे मंग काढा. पोटात वली हाय अजून. थोडेच दिस ऱ्हायलेत."

आणि कमळाकर, माझा नवरा, किमयाचा बाप, म्हणाला, "चार-पाच दिवसांनी केलं तर नाय का चालनार, हरेश? माझा पन माल वला हाय." त्याला काकीचा पुळका आला होता असं कोणी समजू नये. त्याला त्याचे हॅलोजन हवे होते. एरवी ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. घर जाळायच्या कामाला मात्र सख्ख्या मायलेकरांसारखी एक झाली.

"तुमच्या पाटासाठी माझी पोरगी जाळू का?" मी काकीला विचारलं.

"तुला पोरगी हाय," ती म्हणाली. "मला कोन हाय? मूर्ती वली गेली, वाटंत भंगली, तर साईराज काय बोलंल? म्हातारीचा हात गेला बोलंल. मंग पाट येनार नाय. मंग मी वरशाची कोन?"

तिचा आवाज चढलेलाच होता, पण पहिल्यांदाच त्यात शिवी नव्हती. मला तिची दया आली. आली आणि लगेच वर माळ्याची फळकुटं दिसली, त्यांवर किमयाची पुस्तकं. मी हरेशला म्हटलं, खांबावरनं लाइन बंद करून घे, बघते कोण आडवं येतं ते. तो ओळखीच्या लाइनमनला घेऊन आला. घरभरचे पंखे थांबले. कारखान्यातून कमळाकरच्या माणसांची ओरड आली. मी काकीचा दंड धरून तिला बाजूला केलं. हलकी होती, सुकलेल्या शाडूसारखी. हरेशनं छिन्नी घेतली आणि तिची चूल फोडली.

तिनं ते उभं राहून बघितलं. मग मूर्ती उचलली, पाटासकट, वर मेणकापड टाकलं, आणि पुढच्या दारानं बाहेर पडली. पुढच्या दारानं. कमळाकरनं जिथं यायचं नाही म्हणून सांगितलं होतं तिथून, कारखान्याच्या मधून, सगळ्या कामगारांच्या समोरून.

ती आत्ता परतेल, मग परतेल असं म्हणत आम्ही बसलो. बातमी इंदुबाई घेऊन आली. काकी बाजारपेठेतून मूर्ती डोक्यावर घेऊन गेली, एका हातानं गुडघा धरत, पावसाच्या बुरबुरीत. कोणी विचारलं कुठं निघालात, तर प्रत्येकाला थांबून सांगत गेली की पेणच्या कारखानदाराच्या घरात गणपती वाळवायला जागा नाय. आणि पोचली जनू पोहेवाल्याच्या भट्टीवर. भट्टीच्या मागची भिंत गरम असते. तिथं पाट ठेवून समोर बसली.

आमची काय शोभा झाली असेल ती झाली. लोक कारखान्यात डोकावून विचारायला लागले, काय कमळाकर, मूर्ती भाजून देता म्हणे आता? मी भट्टीवर डबा पाठवला नाही. का पाठवू? जनूच्या बायकोनं तिला जेवायला घातलं, आणि घातलं हे सगळ्या बाजाराला सांगितलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते दोन्हीकडून खरं होतं. ती येत नव्हती आणि मी बोलवत नव्हते.

हरेशनं तेवढ्यात नवा डबा बसवला. करड्या रंगाचा, लोखंडी, बोळात डोक्याच्या उंचीवर. प्रत्येक खटक्याखाली खोलीचं नाव चिकटवलं. मी येता जाता त्याला हात लावून बघायचे. गार. किमया म्हणाली, "आई, आता बास, देवाला हात लावतेस तसं काय करतेस?" जिन्याखालच्या भिंतीवर जुन्या डब्याचा चौकोनी काळा डाग राहिला. फळी तशीच होती. ती काढायला कोणी हात लावला नाही.

मूर्ती वाळली. काकी ती घेऊन आली तशीच पुढच्या दारानं, कोणाकडे न बघता. मूर्तीला भाजल्या पोह्यांचा वास येत होता. तिनं जिन्याखाली बसून रंग दिला, दाराकडून येईल तेवढ्या उजेडात, आणि शेवटी डोळे काढले. मी बोळातल्या डब्याला हात लावायच्या निमित्तानं जाऊन बघून आले. असा गणपती आमच्या घरात कित्येक वर्षांत झाला नव्हता. रागावलेला वाटत होता आणि तरी ओळखीचा.

साईराज आला तो बायकोला, दिशाला, घेऊन आला. नवी गाडी, नवे कपडे. काकीनं पदर सारखा केला आणि पाट उचलून पुढे आणला. त्या दोघांनी मूर्तीकडे बघितलं, मग एकमेकांकडे, मग कमळाकरकडे.

"आत्या," दिशा म्हणाली, "छान झालीय. पण आम्ही यंदा दुसरी ठरवलीय ना. कमळाकरभाऊंनी फोनवर फोटो पाठवले होते. ती खडे लावलेली, फेटेवाली. हलकी पण आहे, गाडीत बरी पडते."

"कधी ठरवली?" मी विचारलं.

"आषाढातच," साईराज म्हणाला. "पाट पाठवला तेव्हाच. भाऊ बोलले, मी सांगतो आत्याला."

मी कमळाकरकडे बघितलं. तो स्प्रेगनची नळी गुंडाळत होता. "घरात उगाच भांडन नको म्हनून बोललो नाय," तो म्हणाला.

भांडण नको म्हणून. त्या पाटासाठी म्हातारी जळत्या डब्याला पाठ लावून उभी राहिली होती. त्या पाटासाठी मी तिचा दंड धरून तिला ओढली होती, सगळ्या बाजारात आमची धिंड निघाली होती. आणि हा माणूस सगळं बघत होता, पाट केव्हाच दुसऱ्या मूर्तीला देऊन मोकळा झाला होता. मला त्या क्षणी तो डबा पुन्हा पेटवावासा वाटला.

काकीला ऐकू आलं होतं का, कळेना. मग ती खाली बसली. माती कापायची पातळ पत्ती घेतली, मूर्तीच्या बुडाखाली सारली, हळूहळू फिरवत नेली. पाटावर घडवलेली मूर्ती पाटाला धरलेली असते, ती सोडवायला वेळ लागतो. साईराज म्हणाला, राहू दे आत्या, पाट आमच्याकडे दुसरा आहे. तिनं मान वर केली नाही. मूर्ती सुटली. ती तिनं जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवली. ओल्या फडक्यानं पाट पुसला, कोपऱ्यातली माती नखानं काढली आणि साईराजच्या हातात दिला.

"हैबतरावाचा पाट हाय," ती म्हणाली. "त्याच्यावरच बसव, तुजा जो आसंल तो."

ते गेले. फेट्याचा गणपती वरशाच्या पाटावर बसून, गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून गेला.

काकी जिन्याखाली गेली आणि पोत्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. मूर्ती तशीच जमिनीवर, वर्तमानपत्रावर, चतुर्थी तोंडावर आलेली. कारखान्यातली माणसं तिला वळसा घालून चालत होती.

आमच्या घरचा गणपती कसा येतो ते सांगते. सगळ्या गिऱ्हाइकांचे गेले की कमळाकर उरलेल्यांतला एक उचलतो. कधी बोट तुटलेला, कधी रंग उडालेला. कारखानदाराच्या घरचा पाट कोणाला दिलाच जात नाही. मी आत गेले, चुलीपाशी बसायला घेते तो पाट उचलला आणि आणून तिच्यापुढे आदळला.

"हा घ्या. ह्या घरचा पाट. यंदाचा गनपती तुमचा बसंल. कमळाकरला काय बोलायचं आसंल ते तो मला बोलंल."

तिनं पाट उलटा केला, सुलटा केला, वास घेतला.

"ह्याच्यावर कोन बसतं?"

"मी."

"दिसतंय. तेल लागलंय. धुऊन आन. राखेनं घास."

मी मोरीत बसून पाट घासला. मला तिचा राग आला होता, साईराजचा आला होता, कमळाकरचा तर इतका की त्याचं नाव तोंडात नको. आणि रडू येत होतं. का येत होतं ते मला माहीत आहे. तिला आता वरशाला कोणी नव्हतं, आणि पेणला मी होते, म्हणजे तिच्या नशिबाची कमाल झाली. पाट खालूनही घासला, नाहीतर म्हातारीनं परत पाठवला असता.

पाट सुकवून नेऊन दिला. तिनं त्यावर ओल्या शाडूचा पातळ थर दिला, मूर्ती उचलून मधोमध बसवली, बुड लिंपून घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पुढल्या वर्साला आषाढात दे. असा आयत्या येळंला आनून आपटायचा नाय."

"बघू," मी म्हणाले.